पाळीचे दगड

भोरजळच्या तलावाचा चौकीदार शालिग्राम हा खाण्याचा शौकीन माणूस होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढची सगळी रड त्या एका गोष्टीतून निघाली. दारूला तो कधी शिवला नाही, पत्ते त्यानं कुटले नाहीत, कुणाच्या बांधावरची काडीही उचलली नाही. पण गोवऱ्यांवर भाजून तुपात चुरलेला कणकेचा रोडगा समोर आला, की या माणसाचा सगळा जीव जिभेवर येऊन बसायचा. गावातले लोक म्हणत, शालिग्रामला केनवडात भाजलेल्या रोडग्याचा वास इथं येतो. केनवड तिथून दोन कोस.

तलाव संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी एकोणीसशेच्या सुमाराच्या दुष्काळातला. त्या साली लोक झाडांचा पाला उकडून खात होते, आणि सरकारनं पोटापुरत्या मजुरीवर दोन चढांमधला ओढा अडवायचं काम काढलं. शालिग्रामचा बाप पुंजाजी तेव्हा विशीतला. त्यानं आधी मातीच्या टोपल्या वाहिल्या, मग दगड लावायचं काम शिकून घेतलं. मातीची लांबलचक पाळ, तिच्या एका टोकाला जादा पाणी निघून जायला सांडवा, आणि पाण्याच्या बाजूनं साऱ्या उतारावर एकात एक गुंतवून बसवलेलं करड्या दगडांचं अस्तर. ते दगड कोसभरावरच्या टेकडीवरून बैलगाड्यांनी आणलेले, कारण भोरजळच्या काळ्या मातीत ढेकळं हवी तेवढी, दगड शोधून सापडत नाही.

काम संपल्यावर पुंजाजीला तिथंच चौकीदारी मिळाली. तो पोराला सांगायचा, "माती पाण्यात इरघळते, दगड नाई इरघळत. लाटेचा मार दगड खाते म्हणून माती जागेवर हाय. एकबी दगड हालू देऊ नोको." अडतीस साली पुंजाजी गेला आणि त्याची काठी, खाकी कोट आणि चौकीदारी शालिग्रामकडे आली.

पहिली पंधरा वर्षं त्यानं इमानानं काढली. सकाळी उठून पाळीवरून एक फेरी, संध्याकाळी दुसरी. खेकड्यानं भोक पाडलं तर चिकणमाती मळून बुजवायची, झुडूप उगवलं तर मुळासकट उपटायचं. उन्हाळ्यात गावची पोरं कमरेला पांगाऱ्याची वाळली लाकडं बांधून पोहायला शिकत, तेव्हा हा काठी घेऊन काठावर बसे आणि कुणी खोल पाण्याकडे सरकला की शिव्या घाले. लोक त्याला भीत नसत, पण मानत.

मग केनवडपासून मुरमाचा रस्ता झाला आणि भोरजळच्या तलावाला पाहुणे फुटले. पाळीच्या मागच्या उताराला आंब्यांची रांग, पुढे पाणी, वर गार वारा. रोडग्यांच्या पंगतीला याहून चांगली जागा कुठली? दिवाळी झाली की होळीपर्यंत दर आठवड्याला एखादी तरी गाडी यायची. कुणाचा नवस, कुणाच्या पोराची नोकरी, आणि पुष्कळांचं तर नुसतंच खावंसं वाटलं म्हणून. रोडगे भाजायला गोवऱ्यांचा आर पुरतो. पण वरणाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आणि वांग्याच्या भाजीला चूल पाहिजे, आणि चुलीला तीन दगड पाहिजेत.

पहिल्यांदा ते मागितले केनवडच्या इंद्रभान दुकानदारानं. तीस माणसं घेऊन आला होता. "चौकीदार, पाण्याकडचे तीन दगड काढू का?" शालिग्रामनं साफ सांगितलं, जमणार नाही. इंद्रभाननं वाद घातला नाही. तो लांबून दगड आणायला माणूस पाठवतो म्हणाला, शालिग्रामला सावलीत बसवलं आणि घरून करून आणलेला एक रोडगा पत्रावळीवर फोडून त्यावर तुपाची धार धरली. "पयला देवाचा. दुसरा तलावाच्या मालकाचा," तो म्हणाला.

मालक! या खाकी कोटाला आजवर कुणी मालक म्हटलं नव्हतं. सरकारी शिपाईसुद्धा त्याला 'ए भोरजळ' म्हणून हाक मारायचा. शालिग्रामनं रोडगा खाल्ला, बोटं चाटली आणि मग म्हणाला, "तीनच घेजा. अन् जाताना लावून देजा."

त्यांनी नऊ घेतले आणि जाताना तसेच टाकून गेले. काजळी धरलेले, तापून तडकलेले दगड आंब्याखाली पडून राहिले. शालिग्रामनं ते पाहिले आणि म्हणाला, पावसाळ्याआधी लावू. कुंपणानं शेत खायला सुरुवात केली ती ही अशी, मुकाट्यानं आणि तुपाच्या बोटांनी.

पुढं रिवाजच पडला. पहिला रोडगा देवाला, दुसरा शालिग्रामला. पंगत उतरली की आधी त्याला बोलावणं. नवी पंगत जुन्या काळ्या दगडांना हात लावायची नाही. दुसऱ्याच्या नवसाची चूल कशाला, म्हणून नवे दगड काढायची. चार हिवाळे हे चाललं. बायको तुळसाबाई एकदा म्हणाली, "मामंजी असते तर तुमाले जेवू देल्लं असतं का इथी?" त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. खरं बोललेलं माणसाला झोंबतं ते असं.

याच काळात पाळीच्या खालच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा वसला. रूपला नाईक आणि त्याची पंधरा-सोळा घरं. वर्षानुवर्षं कामामागं हिंडून दमलेली माणसं. ओलाव्याची जमीन पाहून थांबावंसं वाटलं. घरं घालण्याआधी रूपला स्वतः शालिग्रामकडे आला. सोबत त्याची म्हातारी आई हिरीबाई. पाळीकडे मान वर करून पाहत ती म्हणाली, "भाऊ, पाणी डोक्यावर हाय. लेकरंबाळं घेऊन राहाव का आमी इथी?"

शालिग्रामनं काठी पाळीवर आपटली. "माह्या बापानं बांधली हे. बिनघोर राहा. मी हाओ ना बसेल इथी."

त्याच्या शब्दावर सोळा चुली तिथं पेटल्या. तांड्यातलं कुणी कधी पाळीवर रोडगे करायला आलं नाही, की दगड मागायला आलं नाही. सत्तावन सालच्या चैत्रात मात्र रूपला आला. तलाव उतरला होता, अस्तर उघडं पडलं होतं, आणि त्यात पडक्या दातांसारख्या खिंडी दिसत होत्या.

"शालिग्रामभाऊ, दगड लय गेले. पाणी भरलं अन् वारा सुटला तर माती राहीन का?"

आता इथं शालिग्रामनं खाली मान घालायची, की नाही? पण चोराच्या मनात चांदणं. तो भडकला. "तलावाचा चौकीदार तू का मी? काल येऊन टेकले अन् आज मले शिकवून राह्यला?"

 रूपलानं हात जोडले आणि तो उतरून गेला.

ज्येष्ठात सरकारी पाहणी. राज्य बदललं होतं, कचेरीवरच्या पाट्या बदलल्या होत्या, ओव्हरसियरही नवा आला होता. तो येणार हे कळताच शालिग्रामची पाचावर धारण बसली. दोन दिवस त्यानं आणि तुळसाबाईनं मिळून दगड वाहिले. सगळे नाही. साहेबाची नजर जाईल तेवढ्या टापूतले. बाकीचे गवतात तसेच राहिले. वाहून आणलेल्यांची काजळीची बाजू खाली, स्वच्छ बाजू वर. गुंतवून बसवायला कसब लागतं आणि दिवस लागतात. यानं नुसते ठेवले आणि फटींत चिखल सारवला. बापाचं काम पाहत वाढलेला माणूस तो. हे दगड टेकलेत, बसलेले नाहीत, हे त्याच्या हातांना कळत होतं.

साहेब आला, पाळीवरून अर्धी फेरी मारली आणि ऊन लागलं म्हणून आंब्याखाली बसला. तिथं शालिग्रामनं रोडगे सांगून ठेवले होते. साहेब पोटभर जेवला. ज्या चुलीवर त्याचं वरण शिजलं, ते तीन दगडही पाळीचेच. "शाबास, तलाव छान ठेवलाय," म्हणाला आणि तसं लिहून घेऊन गेला.

भाद्रपदात झड लागली. तीन दिवस सूर्य नाही. तलाव तुडुंब भरला, सांडवा कमरेएवढ्या पाण्यानं धो धो वाहू लागला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेचा वारा सुटला. शालिग्राम घोंगडी घेऊन पाळीवर आला आणि मधोमध येताच थबकला. लाटा पाळीवर थडाथड आपटत होत्या आणि त्यानं मांडलेले दगड एकेक करून पाण्यात घरंगळत होते. जिथून ते गेले तिथं लाट सरळ मातीला भिडत होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद पाळ, तिची रुंदी दहा-बारा हात लांबीत निम्मी उरली होती. खाली, धुकट पावसात, तांड्याची छपरं दिसत होती. चुलींचा धूर निघत होता.

त्या क्षणी धावत खाली जायला हवं होतं. लहान लेकराला कळेल एवढी ती गोष्ट. पण शालिग्राम गेला नाही. खाली जाऊन रूपलाला सांगायचं काय? तू चैत्रात म्हणालास तेच झालं, हे? त्यानं फावडं आणलं आणि एकटाच माती ओढून भगदाडात टाकू लागला. माती टाकावी आणि लाटेनं न्यावी. तरी तो टाकत राहिला. पंधरा-सोळा घरांतली माणसं पाण्याखाली जातील ही भीती एका बाजूला, आणि तोंड दाखवावं लागेल ही लाज दुसऱ्या बाजूला. आणि सकाळभर लाजच वरचढ ठरली.

दुपारी तुळसाबाई पोत्याची खोळ पांघरून त्याला शोधत आली. पाळ पाहून तिच्या हातातली भाकर खाली पडली.

"तांड्याले सांगतलं का?"

त्यानं फावडं पुन्हा मातीत घातलं.

"सकाळपासून इथी हाओ तुमी, अन् सांगतलं नाई?"

ती पुढचं काही ऐकायला थांबली नाही. लुगड्याचा ओचा खोचून, घसरत, पडत, ती पाळीवरून खाली तांड्याकडे धावली. शालिग्राम तिला पाठमोरी पाहत राहिला. पन्नाशीला आलेली ती बाई चिखलात दोनदा पडली आणि दोनदा उठली.

तांडा ओरडत बसला नाही. हिरीबाई म्हाताऱ्यांना, लेकरांना, गाईबकऱ्यांना घेऊन वरच्या माळावर निघाली आणि बाकीचे सगळे, बायकासुद्धा, पाळीवर चढले. रूपलानं भगदाड पाहिलं. शालिग्रामकडे पाहिलं नाही. वर्षभराच्या जळणासाठी तांड्यानं रचून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, पेंढ्या त्यानं वर आणवल्या. पेंढ्या भगदाडात उतरवायच्या, लाटेचा मार त्यांनी खायचा, मागून मातीची पोती भरायची. डोकं चांगलं चाललं त्याचं. पण पेंढ्या पाण्यावर तरंगायला लागल्या. त्या दाबून धरायला वजन पाहिजे.

"दगड!" रूपला ओरडला. "दगड पायजेत! कोठी हायेत दगड?"

कुणाला ठाऊक असणार? चार पावसाळ्यांचं गवत छातीला लागत होतं. टेकडी कोसभर लांब. माणसं गवतात हात घालून चाचपडू लागली.

शालिग्राम फावडं टाकून पुढं झाला. "मले माहीत हाय," तो म्हणाला.

आणि त्याला खरोखरच सगळं माहीत होतं. वाकड्या आंब्याखाली इंद्रभानचे नऊ. त्याच्या पलीकडं रिसोडच्या वकिलाचे सहा, तूप साजूक होतं. बांबूच्या बेटाशी शाळामास्तरांचे, त्यांनी भाजीत मीठ जास्त टाकलं होतं. बाभळीखाली नवसाचे बारा, त्या दिवशी त्यानं चार रोडगे खाल्ले होते. तो गवतात शिरायचा, पायानं चाचपायचा आणि ओरडायचा, "इथी घ्या!" आणि तिथं काळेकुट्ट दगड निघायचे. एकही जागा चुकली नाही. बायकांनी रांग धरली, दगड हातोहात वर जाऊ लागले. काजळी पावसानं ओघळून त्यांच्या हातांवर, काचा लावलेल्या चोळ्यांवर, कांचोळ्यांवर, उतरली.

बाभळीपाशी रूपला त्याच्या शेजारी वाकला आणि दगड उचलता उचलता म्हणाला, "सगळ्याच चुली पाठ हायेत तुले, भाऊ?"

"हो," शालिग्राम म्हणाला. त्याचा चेहरा पावसात होता म्हणून बरं.

दिवस मावळायच्या सुमारास वारा पडला. पऱ्हाटी दबली होती, पोती बसली होती, पाळ उभी होती. एक माणूस गेला नाही, एक शेळी गेली नाही. तांड्याचं वर्षाचं जळण मात्र पाण्यात गेलं. घरी येऊन शालिग्राम भिंतीकडं तोंड करून बसला. तुळसाबाईनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. तिनंही आग्रह केला नाही.

चिखल वाळून वाट झाल्यावर, पाचव्या दिवशी, ओव्हरसियर आला. भगदाड पाहून त्याच्या कपाळावर घाम आला. मग ते कसं बुजवलं हे ऐकल्यावर त्यानं शालिग्रामची पाठ थोपटली. "चौकीदारानं तलाव वाचवला. मी वर लिहितो. तुझा सत्कार व्हायला पाहिजे."

शालिग्रामला ते सहन झालं नाही. चार रात्रींत त्यानं जे मनात घोळवलं होतं ते भडाभडा बाहेर पडलं. "सायेब, मी नाई वाचवला. मीच बुडवत होतो. दगड मी लोकाइले चुलीसाठी देल्ले. तुमी आले तवा नुसते मांडून ठेवले होते. तांड्याले सांगाले बी मी गेलो नाई, माही बायको गेली."

साहेबानं आजूबाजूला पाहिलं. शिपाई लांब होता. साहेबाचा आवाज खाली आला. "तुला ताप आहे. मी ज्येष्ठात पाहणी केली, दगड जागेवर होते, तसं माझ्या सहीनं लिहिलेलं आहे. अतिवृष्टीनं नुकसान झालं. समजलं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि साहेबाला तर आपली मूठ आत्ता दिसली होती. शालिग्रामनं त्याच्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, "समजलं, सायेब."

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. नोकरी राहिली, कोट राहिला. साहेबाची गाडी वळेपर्यंत त्याला हायसं वाटत राहिलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी शरम आली, की दगड दिल्याची, रोडगे खाल्ल्याची, सकाळभर गप्प राहिल्याची शरम तिच्यापुढं फिकी पडली. पुढं किती वर्षं जगला तो, पण हे त्याला कधी जिरवता आलं नाही.

त्याच पावली तो पाळ उतरून तांड्यात गेला. साहेबानं ऐकलं नाही तर ज्यांनी ऐकायला पाहिजे त्यांना सांगू, असं ठरवून गेला. तिथं पाहतो तर छपरं उतरवणं चाललं होतं. कुडाच्या भिंती आडव्या झाल्या होत्या, बायका भांडी बांधत होत्या. माळावर नव्या घरांच्या मेढी उभ्या दिसत होत्या.

हिरीबाई गाठोड्यावर बसली होती. शालिग्राम तिच्यापुढं उकिडवा बसला आणि साहेबाला सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. साहेबाला काय म्हणालो, तेही सांगितलं. मग म्हणाला, "माय, आता एकबी दगड हालणार नाई. एकेक गुतवून बसवतो, बापासारखा. तुमी जाऊ नोका. माळावर पाणी नाई, जमीन खडकाळ हाय."

म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकलं. "आमाले माहीत होतं, बाबू," ती म्हणाली. "दगडाचं बी, अन् सायेबाले काय पोटभर चारलं ते बी. तुह्या बायकोवर आमचा राग नाई. तुह्यावर बी नाई. पण आता आमाले झोप लागत नाई इथी."

राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. कुणी कानाखाली वाजवली असती तर त्यानं पाय धरले असते. पण कुणी काही केलं नाही. सगळे आपापल्या कामात होते.

काय करावं न कळून तो उठला. रूपला आणि एक माणूस घराचं मधलं जाड लाकूड उचलत होते. शालिग्राम पुढं झाला आणि त्यानं मागच्या टोकाला खांदा दिला. चार पावलं ते तसेच चालले. मग रूपला थांबला. मागं येऊन त्यानं ते लाकूड शालिग्रामच्या खांद्यावरून हलकेच काढून घेतलं.

"राहू दे, भाऊ," तो म्हणाला. "आमी नेतो आमचं."

आणि ते माळाची चढण चढू लागले.